सात ब्रास बेसमेंट

अमेरिकेतल्या मराठी माणसाला "घर किती मजली?" असं विचारलं, की तो "दोन" म्हणतो, चहाचा घोट घेतो आणि मग "शिवाय बेसमेंट" असं जोडतो. हे शिवाय-बेसमेंट घर विकत घेताना फार महत्त्वाचं असतं. "खाली केवढी जागा आहे बघा!" असं एजंट म्हणतो, मग आपण बायकोला म्हणतो, मग फोनवर गावाकडे सांगतो. राहायला आल्यावर मात्र तिथे उतरायचं ते ब्रेकर पडला तरच. न्यू जर्सीत मी अशी कितीतरी घरं पाहिली आहेत, जिथे पाहुण्यांना वरची कपाटंसुद्धा उघडून दाखवतात आणि बेसमेंटच्या दाराशी आलं की "खाली अजून काही केलं नाहीये" म्हणून दिवा मालवतात. त्या काहीच न केलेल्या जागेत थर्मोकोलचं मखर असतं, एकात एक घातलेल्या सूटकेसा असतात, टॉवेल वाळत घातलेलं ट्रेडमिल असतं आणि मंडळाच्या कार्यक्रमानंतर "सध्या तुमच्याकडे राहू देत" म्हणून आलेल्या घडीच्या खुर्च्या असतात. त्या खुर्च्यांचं 'सध्या' संपलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

मुळात हे बेसमेंट कुणाच्या हौसेतून आलेलं नाही. इथे हिवाळ्यात जमीन गोठते, गोठलेलं पाणी फुगतं आणि उथळ पाया उचलून धरतं. म्हणून पाया गोठणाऱ्या थराच्या खाली न्यावा लागतो. न्यू जर्सीत साधारण तीन फूट, उत्तर मिनेसोटात पाच. खणण्याचे पैसे थंडीनं वसूल केलेच आहेत, तर आणखी चार-पाच फूट खणून एक अख्खा मजला पदरात पाडून घ्या, असा हा हिशेब. हिशेब चोख आहे. फक्त तो मांडताना पाण्याला कुणी विचारलेलं नाही.

आमच्या घरात "खाली काहीतरी करून घेऊ या" असं ठरलं, तेव्हा त्या 'काहीतरी'बद्दल चौघांची चार मतं होती. हिला मंडळाच्या एकांकिकेच्या तालमीसाठी आणि हळदीकुंकवासाठी जागा हवी होती. थोरल्याला लोखंड उचलायचं होतं. धाकटीला भरतनाट्यमचा सराव करायचा होता. मला एक कॅरम आणि जिथे कोणी हाक मारणार नाही असा एक कोपरा हवा होता. भिंतींचा रंग एका संध्याकाळी ठरला, दिवे दुसऱ्या. घोडं अडलं ते फरशीवर. फरशी सगळ्यांच्याच पायाखाली येणार असल्यामुळे प्रत्येकाला तिच्यावर बोलायचा हक्क होता.

त्यातच मुलांचे आजोबा, म्हणजे अण्णा, सांगलीहून सहा महिन्यांसाठी आले. अण्णांची हयात सार्वजनिक बांधकाम खात्यात गेली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. जेट लॅग उतरायच्या आत ते बेसमेंटात उतरले, टाच आपटून आवाज ऐकला आणि म्हणाले, "कोबा चांगला आहे की! हाच घोटून घ्या, वर लाल ऑक्साइड द्या. दोन पिढ्या बघायला नको."

"अण्णा, इथे असं कोणी करत नाही."

"म्हणून तर सारखं बदलत बसतात. एरिया किती?"

"सातशे स्क्वेअर फूट."

"म्हणजे सात ब्रास."

त्या दिवसापासून आमच्या घरात बेसमेंट ब्रासमध्ये मोजायला लागले. कॉन्ट्रॅक्टर मूळचा पोलंडचा. त्यानं अंदाजपत्रक स्क्वेअर फुटात दिलं, अण्णांनी ते पेन्सिलीनं ब्रासमध्ये आणि मग रुपयांत आणलं, आणि त्या रकमेत मिरजेत काय काय उभं राहिलं असतं ते मला रोज थोडं थोडं सांगितलं.

पहिला धक्का जिन्याखालच्या जुन्या कार्पेटनं दिला. ते उचललं तर खाली नऊ इंची चौकोनी टाइल निघाल्या, काळ्या-पिवळ्या, अजून झकास बसलेल्या. अण्णांना त्या इतक्या आवडल्या की ते वाकून एक उचकटून बघायला निघाले. कॉन्ट्रॅक्टर ओरडला. १९८० च्या आधीच्या अमेरिकन घरात नऊ इंची टाइल दिसली, की तिच्यात ॲस्बेस्टॉस असल्याचं धरून चालायचं असतं. तिच्याखालच्या काळ्या गोंदातसुद्धा. टाइल शाबूत आहे तोवर ती कुणाच्या अध्यात ना मध्यात. फोडली, खरवडली, घासली, की तंतू हवेत उडतात आणि मग अंतराळवीरासारख्या पोशाखात माणसं येतात व तशीच बिलं लावतात. त्यामुळे शहाणी माणसं तिला हात न लावता वरून दुसरी फरशी घालतात.

"समजलं," अण्णा म्हणाले. "भाऊबंदकीतली जमीन. खणायची नाही, वाटायची नाही, वरनं झाकून ठेवायची."

दुसरा धक्का अण्णांनी स्वतः दिला. आम्हा सगळ्यांच्या मते बेसमेंट कोरडं होतं. डोळ्यांना तसंच दिसत होतं. अण्णांनी थोरल्याकडून प्लास्टिकचे दीड फूट बाय दीड फूट असे चौकोन कापून घेतले आणि कोब्यावर ठेवून चारही बाजूंनी टेपनं चिकटवले. ही तपासणी इथल्या मानकांतही आहे. कमीत कमी सोळा तास ठेवायचं आणि खाली दव धरतं का ते बघायचं. मानकाला एका जागी अनेक चौकोन मान्य असतील-नसतील, अण्णांनी पाच लावले, खडूनं नंबर घातले आणि रात्री बॅटरी घेऊन दोनदा फेरी मारली. सकाळी तीन नंबरच्या खाली चांगले टपोरे थेंब होते.

"ओल आहे," अण्णा म्हणाले. अमेरिकेत आल्यापासून त्यांचा चेहरा इतका प्रसन्न मी पाहिला नव्हता.

ओल सगळीकडेच असते. काँक्रीट दिसतं दगडासारखं, पण त्यात केसाहून बारीक वाटा असतात आणि मातीतलं पाणी त्यांतून वर चढत राहतं. जुन्या घरांत काँक्रीटच्या खाली प्लास्टिकचा कागद घातलेला नसतो, त्यामुळे चढाई विनाअडथळा. उघड्या कोब्यावर ते पाणी हवेत उडून जातं, म्हणून आपण 'कोरडं' म्हणतो. त्यावर काही झाकण घातलं, की बिचाऱ्याला जायला जागा राहत नाही आणि ते आहे तिथेच संसार थाटतं. बुरशी ही त्या संसारातली प्रजा.

हे कळल्यावर काही पर्याय आपोआप बाद झाले. अस्सल लाकडाची फरशी ही माझी जुनी हौस; पण जमिनीखालच्या खोलीत ती घालू नका, असं बनवणारेच लिहून देतात. इपॉक्सी, म्हणजे गॅरेजमध्ये असतो तो चकचकीत लेप, थोरल्याला फार आवडला. पण त्यासाठी आधी कोबा यंत्रानं घासावा लागतो (नऊ इंची टाइल आठवा), आणि खालून ओलीचा दाब आला तर लेप पापुद्र्यानं सुटतो. उरले चौघे: कार्पेट, लॅमिनेट, टाइल आणि व्हिनाइलच्या फळ्या.

दुकानदार या सगळ्यांचे हातभर नमुने घरी नेऊ देतात. सोफ्याशी रंग जुळतो का ते गिऱ्हाईकानं बघावं, एवढीच त्यांची अपेक्षा असते. आमच्याकडे त्या नमुन्यांची खातेनिहाय चौकशी झाली.

ओट्यावर नमुने ओळीनं मांडले गेले. अण्णांनी प्रत्येकाचा एक तुकडा पाण्याच्या बादलीत टाकला, वर पाटा ठेवला आणि "उद्या या वेळेला" असं जाहीर केलं. हिनं उरलेल्या तुकड्यांवर पळीनं फोडणी घातली, हळद-हिंग-मोहरीसकट, गरम. कारण हळदीकुंकू असो की पॉटलक, आपल्या लोकांच्या ताटलीतून खाली जे सांडतं ते पिवळंच असतं. थोरल्यानं वीस पौंडांचं डंबेल कमरेच्या उंचीवरून सोडलं. धाकटी अनवाणी प्रत्येक तुकड्यावर उभी राहिली आणि डोळे मिटून गुण देत गेली.

निकाल असे. क्रीम रंगाचं कार्पेट फोडणीत कायमचं गेलं. साबण, लिंबू, ऊन, सगळे उपाय झाले, आता तो तुकडा वऱ्याच्या तांदळावर झाकायलासुद्धा चालला नसता इतका उपासाला निषिद्ध झाला. लॅमिनेट हळदीला पुरून उरलं, पण बादलीत हरलं. त्याचा गाभा म्हणजे दाबून बसवलेला लाकडाचा भुसा. दुसऱ्या दिवशी त्याच्या कडा वर आल्या होत्या, आणि अण्णांनी तो तुकडा अंगठ्यानं दाबला तेव्हा त्यातून पाणी आलं. टाइलनं पाणी आणि हळद दोन्ही पचवली, डंबेलखाली मात्र तिचे सरळ दोन भाग झाले. शिवाय धाकटी टाइलवरून तत्काळ उतरली. जमिनीखालचा कोबा भर जुलैतही गार असतो आणि टाइल तो गारवा इमानेइतबारे वर पोचवते. टाइलांच्या मधल्या सांध्यांत भरतात ते पांढरं ग्राउट नमुन्यात दुकानदार देत नाहीत, हेही हिनं बरोबर हेरलं.

व्हिनाइलच्या फळीवर फक्त नखाएवढा खळगा पडला. हळद फडक्यानं निघाली. बादलीतून ती जशी गेली तशीच बाहेर आली. आत चुनखडीची भुकटी आणि प्लास्टिक, वर लाकडाचं छापील चित्र, त्यावर पारदर्शक थर. अण्णांनी ती नखानं खरवडून पाहिली, वास घेतला आणि म्हणाले, "लाकूड नाही, दगड नाही, आणि दोघांचंही नाव लावून फिरते. पण कामाची आहे."

मग दुकानात खरेदीला गेलो. तिथे सगळ्या फळ्या करड्या होत्या. एकीचं नाव धुकं, एकीचं राख, एकीचं वाळू, पण रंग तोच. भाव चौरस फुटाला दोन डॉलरपासून पाचापर्यंत, आणि फरक कशाचा असं विचारलं तर विक्रेता म्हणाला, "ही बारा मिल आहे, ती वीस मिल." मी वीस मिलिमीटर समजून दचकलो, कारण फळीच मुळी पाच-सहा मिलिमीटरची होती. अण्णांना सगळं एका दमात कळलं. मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग. तो वरच्या पारदर्शक थराची जाडी सांगतो, आणि फळी किती टिकणार ते या थरावर ठरतं. आतल्या जाडीवर नाही.

"वीस मिल म्हणजे अर्धा मिलिमीटर," अण्णा त्याला म्हणाले. "मग अर्धा मिलिमीटर म्हण की बाबा."

विक्रेत्याला ते भाषेअभावी कळलं नाही. त्यानं हसून फळीवर बाटलीतलं पाणी ओतलं. "हंड्रेड पर्सेंट वॉटरप्रूफ!" पाणी वर थांबलं. अण्णांनी फळी उचलून उलटी केली आणि मला म्हणाले, "याला विचार, खालनं आलं तर?"

विचारलं. फळीला काही होणार नाही, असं तो म्हणाला.

"फळीला नाही. घराला."

या प्रश्नाला त्याच्याकडे माहितीपत्रक नव्हतं. पण सगळ्या मामल्यातला खरा मुद्दा तोच आहे. वॉटरप्रूफ फरशी स्वतः वाचते. तिच्याखाली शिरलेलं पाणी भिंतीच्या लाकडी चौकटीचं आणि प्लास्टरबोर्डचं काय करतं, ही तिची जबाबदारी नसते. त्यामुळे बेसमेंटच्या फरशीचे निम्मे पैसे फरशीवर खर्च करायचेच नसतात. ते आधी घराबाहेर खर्च करायचे: पन्हळीचं पाणी पायापासून लांब सोडायला, अंगणाचा उतार घरापासून बाहेर काढायला. अण्णांनी हे करायला लावलं आणि तीन नंबरचा चौकोन पुन्हा लावला. दव बरंच कमी झालं. उरलेल्यासाठी डिह्युमिडिफायर आणला. पावसाळी दमट हवेत तो रोज बादलीभर पाणी काढतो. ते पाणी अण्णा कढीपत्त्याच्या कुंडीला घालत. "हवेतनं पिळून काढलेलं आहे, फुकट कसं घालवायचं?"

पंपाचं प्रकरण मात्र शेजारच्या आजोबांमुळे निघालं. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री आयडा वादळाचा उरलासुरला पाऊस इकडे कोसळला, तेव्हा त्यांच्या बेसमेंटात कमरेएवढं पाणी होतं. त्या रात्री न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात एका तासात ३.१५ इंच पाऊस झाला. "ऐंशी मिलिमीटर," अण्णांनी लगेच रूपांतर केलं, आणि सांताक्रूझला २६ जुलै २००५ ला दिवसभरात ९४४ मिलिमीटर पडल्याची माहिती त्या आजोबांना देणार, एवढ्यात ते म्हणाले, की क्वीन्समध्ये बेसमेंटात भाड्यानं राहणारी माणसं त्या रात्री घरातच बुडाली. अण्णांनी माहिती दिली नाही. घरी आल्यावर फरशीचा कागद बाजूला सारून म्हणाले, "तो पंप कुठाय? दाखव मला."

पंप कोपऱ्यातल्या खड्ड्यात होता. मातीतलं पाणी त्या खड्ड्यात गोळा होतं, तरंगता गोळा वर आला की पंप सुरू होतो आणि पाणी बाहेर फेकतो. "आणि लाइट गेली तर?" अण्णांनी विचारलं. ज्याचं अर्धं आयुष्य भारनियमनात गेलं, त्याला हा प्रश्न सुचायला वादळ लागत नाही. वादळात आधी वीज जाते, म्हणजे पंपाची गरज पडते नेमकी त्याच वेळी पंप बंद. बॅटरीवर चालणारा दुसरा पंप बसवला. विम्याची कागदपत्रंही त्यांनी काढायला लावली. घरातला नळ फुटून फरशी भिजली तर नेहमीच्या विम्यात भरपाई. पंप बंद पडून भिजली तर वेगळी पुरवणी घेतलेली हवी. बाहेरून पूर आला तर आणखी वेगळा विमा. पाणी तेच, फक्त त्यानं कुठल्या दारानं यायचं ते आधी ठरवून यावं.

अण्णांनी मग खड्ड्याच्या आतल्या भिंतीवर ऑइलपेंटनं इंचांच्या खुणा केल्या. सांगलीत कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी मोजतात. चाळीस फूट इशारा पातळी, पंचेचाळीस धोका. पावसाळ्यात तिथला माणूस सकाळी उठून आधी पातळी विचारतो, मग चहा. आमच्या खड्ड्याला दहा इंच इशारा आणि चौदा इंच धोका अशी पातळी मुक्रर झाली आणि दर रविवारी वाचन घेण्याचं काम थोरल्याकडे आलं.

एवढं झाल्यावर फरशी घालणं म्हणजे नुसती औपचारिकता उरायला हवी होती. पण कॉन्ट्रॅक्टरनं सांगितलं, की ही फरशी खाली चिकटवत नाहीत. फळ्या एकमेकींत अडकवायच्या, भिंतीपाशी पाव इंच फट सोडायची आणि सगळा गालिचा कोब्यावर मोकळा ठेवायचा. तिला तरंगती फरशी म्हणतात.

"तरंगती?" अण्णा म्हणाले. "२०१९ च्या पुरात सांगलीत तरंगत्या वस्तू आम्ही पुष्कळ बघितल्या. फरशी तेवढी जागेवर होती."

तरंगणाऱ्या फरशीला सपाट कोबा लागतो. दहा फुटांत इंचाच्या तीन-सोळांशाहून जास्त चढउतार चालत नाही, नाहीतर फळ्यांच्या खाचा चालता चालता तुटतात. कॉन्ट्रॅक्टर लेझर घेऊन आला. अण्णा हार्डवेअरच्या दुकानातून पारदर्शक नळी घेऊन आले, तिच्यात पाणी भरलं आणि थोरल्याला दुसऱ्या टोकाला उभं करून पाणसळ काढली. दोघांचे आकडे सारखे निघाले. तेव्हापासून कॉन्ट्रॅक्टर माझ्याशी पैशांपुरतं बोलायचा आणि बाकी सगळं अण्णांशी, पोलिश खुणा आणि सांगलीच्या इंग्रजीत. न्याहारीच्या सुट्टीत दोघं जिन्यावर बसून थालीपीठ खायचे.

शेवटी घातलं ते असं: पाच ब्रासवर वीस मिलचं व्हिनाइल, जुन्या नऊ इंची टाइलांना न दुखावता त्यांच्यावरूनच. थोरल्याच्या डंबेलखाली रबराच्या जाड चटया, ज्यांचा वास अजून गेलेला नाही. धाकटीच्या नृत्याच्या बाईंनी काँक्रीटवर थेट पाय आपटायचे नाहीत अशी तंबी दिली होती, कारण वर पातळ फोम आणि व्हिनाइल असलं तरी गुडघ्यांना ते काँक्रीटच. म्हणून तिच्यासाठी फोमच्या ठोकळ्यांवर प्लायवूड बसवून एक उचलता येणारं व्यासपीठ केलं. ते हिनं तालमीचं स्टेज म्हणून तत्काळ ताब्यात घेतलं. फर्नेस आणि पंपाभोवतीचे उरलेले दोन ब्रास कोबाच ठेवला. अण्णांनी तो घोटून घेतला आणि त्यावर लाल रंग दिला. घरी येणारा प्रत्येक मराठी माणूस वीस मिलवरून बूटमोज्यांनी चालत जातो आणि त्या लाल कोपऱ्यापाशी थांबून म्हणतो, "अरे वा! हे कुठून करून घेतलंत?"

खर्चात फळ्यांचा भाग कमीच निघाला. जिन्याच्या पायऱ्यांच्या कडेला लावायच्या पट्ट्या, सपाटीकरणाची पूड, दारं अर्धा इंच कापणं, जुनं सामान उचलून नेणारा ट्रक, यांनी कोटेशनच्या खालच्या बाजूनं शांतपणे गर्दी केली होती. कापाकापीत वाया जाईल म्हणून सातशेऐवजी साडेसातशे फूट माल घ्यायचा कॉन्ट्रॅक्टरचा आग्रह होता. दोन ब्रास कोबा राहिल्यामुळे पुष्कळ खोकी उरली. फोडलेली खोकी दुकान परत घेत नाही. ती सध्या मंडळाच्या खुर्च्यांशेजारी आहेत. कुणाला फळ्या हव्या असतील तर विचारा. खुर्च्याही मिळतील.

अण्णा ऑक्टोबरात परत गेले. आता पावसाळ्यात मी त्यांना फोन लावतो, तेव्हा ते माझ्याशी "बरा आहेस ना" एवढंच बोलतात आणि थोरल्याला द्यायला सांगतात.

"आयर्विनला अठ्ठावीस फूट," ते म्हणतात. "तुमच्याकडं?"

"सहा इंच, आजोबा. पण रात्री पाऊस सांगितलाय."

"बॅटरी चार्ज आहे ना? जा, बघून ये. मी फोन धरतो."

तो खाली धावत जातो. बिल माझ्या फोनचं होतं.